रेडर्स २०२१: ग्रूडन गेला, बिसाचियाने संघ सावरला, तरी त्याला कायम का केलं नाही?

रुपेरीकाळा

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) कुठल्या ना कुठल्या हेड कोचची गच्छंती होते, आणि मग इथे हंगामी कोचला कायम करावं की बाहेरून नवा माणूस आणावा यावर वाद सुरू होतो. त्या वादात २०२१ च्या लास वेगास रेडर्सचं नाव हमखास निघतं, पण सांगणारा आपल्या सोयीचा तुकडा तेवढा सांगतो. म्हणून त्या हंगामासाठी वेगळा धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हंगामी कोच रिच बिसाचियाला कायम न करणं ही मार्क डेव्हिसची मालक म्हणून सर्वांत मोठी चूक होती. बिसाचिया फार थोर डावपेचकार होता असं माझं म्हणणं नाही. त्या संघाला त्या वर्षी ज्या गोष्टीची गरज होती ती त्याच्याकडे होती, आणि ती बाजारात विकत मिळत नाही.

ज्यांना तो हंगाम आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१८ मध्ये जॉन ग्रूडनला दहा वर्षांचा, सुमारे १० कोटी डॉलर्सचा करार देऊन हेड कोच म्हणून परत आणलं होतं. २०१८ ते २०२० या तीन हंगामांत (विजय-पराभव) ४-१२, ७-९, ८-८. प्लेऑफचं नाव नाही. २०२१ ची सुरुवात मात्र झकास झाली. १३ सप्टेंबरला रेव्हन्सविरुद्ध सोमवार रात्रीचा सामना, लास वेगासच्या अलीजियंट स्टेडियममध्ये पहिल्यांदाच भरगच्च प्रेक्षक (२०२० चा अख्खा हंगाम कोविडमुळे रिकाम्या खुर्च्यांसमोर गेला होता). किकर डॅनियल कार्लसनने ५५ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन गुण) मारून सामना ओव्हरटाइममध्ये नेला, तिथे कार्ल नसिबने रेव्हन्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) लमार जॅक्सनच्या हातून चेंडू पाडला आणि आपला क्वार्टरबॅक डेरेक कारने झे जोन्सला टचडाऊन (सहा गुणांचा पास) फेकला. ३३-२७. पुढे स्टीलर्स आणि डॉल्फिन्सनाही हरवलं. ३-०.

मग चार्जर्सकडून हार झाली. त्यानंतर ८ ऑक्टोबरला वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये ग्रूडनच्या २०११ मधल्या एका ईमेलची बातमी आली. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख डीमॉरिस स्मिथ यांच्याबद्दल वर्णद्वेषी मजकूर होता. रविवारी बेअर्सकडून ९-२० अशी हार. सोमवारी, ११ तारखेला, न्यूयॉर्क टाइम्सने आणखी ईमेल छापले: स्त्रियांबद्दल, समलिंगी लोकांबद्दल, लीगच्या कमिशनरबद्दल गलिच्छ भाषा. त्याच रात्री ग्रूडनचा राजीनामा. हे ईमेल तो ईएसपीएनवर समालोचन करायचा त्या काळातले, वॉशिंग्टन संघाच्या चौकशीत सापडलेले.

आता पुन्हा त्या पहिल्या सामन्याकडे बघा. ज्याच्या हातून तो सामना फिरला तो नसिब जून २०२१ मध्ये, खेळत असताना स्वतः समलिंगी असल्याचं जाहीर सांगणारा एनएफएलमधला पहिला खेळाडू. त्याच्याच कोचचे हे ईमेल. शिवाय संघातले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय. अशा लॉकर रूममध्ये मंगळवारी सकाळी उभं राहून बोलायचं काम बिसाचियावर आलं. वय ६१, आयुष्यात कुठेही हेड कोच नाही, हुद्दा स्पेशल टीम्सचा. आणि वर ग्रूडनचाच माणूस, २००२ पासून टँपा बे संघात त्याच्यासोबत होता.

पुढच्या रविवारी डेन्व्हरमध्ये ३४-२४. त्याच्या पुढच्या रविवारी ईगल्सवर ३३-२२, कारचे ३४ पैकी ३१ पास अचूक. ५-२.

खरी कसोटी त्यानंतर लागली. त्याबद्दल इथे कुणी वेगासचे असतील तर त्यांनीच लिहावं.

पहाटपाखरू

छान धागा. मी नाशिकहून बघते, त्यामुळे आमचा सगळा फुटबॉल रात्री उशिरा नाहीतर पहाटे. एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे. आक्रमणाचा कोच होता, बचावाचा होता. मग स्पेशल टीम्सच्या माणसालाच का पुढे केलं? ते तर लहान खातं ना?

चौथा_डाऊन

पहाटपाखरू, लहान नाही, पण नजरेआड आहे. किक, पंट, त्यांचे रिटर्न, फील्ड गोल, जादा गुण, हे सगळं स्पेशल टीम्सकडे. आक्रमणाचा कोच आक्रमणाच्या खेळाडूंना ओळखतो, बचावाचा बचावाच्या. किक कव्हरेजला मात्र दोन्हीकडचे राखीव लोक लागतात: चौथा रिसीव्हर, पाचवा लाइनबॅकर, तिसरा सेफ्टी. त्यामुळे स्पेशल टीम्सचा कोच रोज जवळजवळ अख्ख्या संघाला शिकवत असतो. संघ जमल्यावर त्याच्या बैठकीला सगळ्यांत जास्त माणसं असतात. कोण दुखावलाय, कोण घरच्या काळजीत आहे, हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळतं.

आक्रमणाच्या ग्रेग ओल्सनला प्ले पुकारायचं (कुठला डाव खेळायचा ते सांगायचं) काम दिलं, गस ब्रॅडलीकडे बचाव तसाच ठेवला. दोघांच्या कामात ढवळाढवळ नाही. मधल्या काळात याहून शहाणी वाटणी होऊ शकत नाही.

आणि स्पेशल टीम्समधून वर आलेला यशस्वी हेड कोच बघायचा असेल तर त्या पहिल्या सामन्यात समोरच्या बाजूला उभा होता: जॉन हार्बो. फिलाडेल्फियात त्याने बरीच वर्षं हेच काम केलं, मग बाल्टिमोर रेव्हन्सना सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला.

कार्लसनचंही सांगतो. २०१८ मध्ये व्हायकिंग्जने त्याला ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पाचव्या फेरीत निवडलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात ग्रीन बेमध्ये त्याचे तीन फील्ड गोल हुकले, त्यातले दोन ओव्हरटाइममध्ये, सामना २९-२९ सुटला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं. त्याच वर्षी रेडर्सनी, म्हणजे बिसाचियाच्या खात्याने, त्याला उचललं. २०२१ मध्ये तोच कार्लसन ४० फील्ड गोल आणि १५० गुणांसह लीगमध्ये पहिला. पंटर एजे कोल त्याच वर्षी ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांच्या यादीत.

हेंडरसनकर

धागाकर्त्यांनी बोलावलंय म्हणून लिहितो. आमच्या गावातच रेडर्सचं मुख्यालय आणि सरावाचं मैदान आहे.

ईगल्सच्या सामन्यानंतरच्या रविवारी संघाला सुट्टी होती. २ नोव्हेंबरच्या पहाटे संघातला रिसीव्हर हेन्री रग्जने दारू पिऊन गाडी चालवली, ताशी १५६ मैल, म्हणजे २५० किलोमीटर, शहरातल्या वस्तीच्या रस्त्यावर. पुढच्या गाडीला मागून धडक बसली आणि ती पेटली. आत २३ वर्षांची मुलगी आणि तिचा कुत्रा होता. दोघेही गेले. रक्तातलं दारूचं प्रमाण कायदेशीर मर्यादेच्या दुप्पट निघालं. संघाने रग्जला त्याच दिवशी काढलं. २०२३ मध्ये त्याला तीन ते दहा वर्षांची शिक्षा झाली.

फुटबॉलवर लिहिताना याला "संघावर आलेलं संकट" म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. संकट त्या मुलीच्या घरावर आलं. रस्त्याच्या कडेला फुलं आणि मेणबत्त्या बरेच दिवस होत्या, आणि तिथून जाताना गाड्यांचा वेग आपोआप कमी व्हायचा. आमच्या महाराष्ट्र मंडळातली कॉलेजला जाणारी मुलं तिथे जाऊन उभी राहून आली. त्यांच्याच वयाची होती ती.

बिसाचियाबद्दल माझ्या मनात आदर आहे तो यासाठी की त्याने पत्रकारांसमोर पहिल्यांदा त्या मुलीबद्दल आणि तिच्या घरच्यांबद्दल बोललं, नंतर संघाबद्दल.

आठवडाभरात बचावातला डेमन आर्नेटही संघातून गेला. हातात बंदूक घेऊन धमकी देतानाचा त्याचा व्हिडिओ बाहेर आला होता. रग्ज म्हणजे २०२० च्या ड्राफ्टमधली १२ वी निवड, आर्नेट १९ वी. एका वर्षाच्या पहिल्या फेरीतले दोन्ही खेळाडू आठ दिवसांत संघाबाहेर.

रुपेरीकाळा

हेंडरसनकर, मनापासून आभार. हे असंच लिहिलं जायला हवं होतं.

मैदानावर पुढे काय झालं ते सांगतो. जायंट्सकडून १६-२३, चीफ्सकडून १४-४१, बेंगल्सकडून १३-३२. थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरअखेरचा सण) डॅलसमध्ये ३६-३३, तोही ओव्हरटाइममध्ये, कार्लसनच्याच पायावर. मग वॉशिंग्टनकडून १५-१७, आणि कॅन्सस सिटीत चीफ्सकडून ९-४८. त्या सामन्याआधी रेडर्सचे खेळाडू चीफ्सच्या बोधचिन्हावर मैदानाच्या मधोमध जमले, आणि पहिल्याच प्लेवर जॉश जेकब्सच्या हातून चेंडू सुटून थेट टचडाऊन गेला. ६-७. सगळ्यांनी हंगाम संपला म्हणून हात झटकले.

त्यानंतर चार सामने, चार विजय: ब्राऊन्स १६-१४, ब्रॉन्कोज १७-१३, कोल्ट्स २३-२०, चार्जर्स ३५-३२. चौघांतला मिळून फरक १२ गुणांचा. ब्राऊन्स, कोल्ट्स, चार्जर्स या तिन्ही सामन्यांत घड्याळ शून्यावर येताना चेंडू कार्लसनच्या पायावर होता. जो संघ ९-४८ नंतर विस्कटायला हवा होता तो शेवटच्या सेकंदाला शांत उभा राहत होता. याला मी कोचिंग म्हणतो.

आकडेमोड

मी याला नशीब म्हणतो, आणि तसं म्हणायला कारण आहे.

२०२१ च्या नियमित हंगामात रेडर्सनी ३७४ गुण केले आणि ४३९ दिले. उणे ६५. दहा विजयांत मिळून ५४ गुणांनी जिंकले, सात पराभवांत मिळून ११९ गुणांनी हरले. आठ किंवा कमी गुणांच्या फरकाचे नऊ सामने, त्यातले सात जिंकले. ओव्हरटाइमचे चारही जिंकले. असले आकडे पुढच्या वर्षी टिकत नाहीत, हा बहुतेक संघांचा अनुभव आहे.

ब्राऊन्सचा सामना बघा. त्यांचे पहिले दोन्ही क्वार्टरबॅक कोविडच्या यादीत, हेड कोच घरी, सामना शनिवारवरून सोमवारवर ढकललेला. तिसऱ्या क्रमांकाच्या निक मलन्सविरुद्ध शेवटच्या सेकंदाला दोन गुणांनी जिंकणं हा काही भक्कम संघाचा पुरावा नाही.

मालकाने फक्त १०-७ कडे बघायचं नसतं. आत काय आहे ते बघायचं असतं. मार्क डेव्हिसने ते बघितलं असेल तर त्याला दोष कसा द्यायचा? त्याने पुढे निवडलेला माणूस वाईट निघाला, हा मुद्दा वेगळा.

चौथा_डाऊन

आकडेमोड, उणे ६५ बिनतोड आहे, पण त्यातले ६६ दोन चीफ्स सामन्यांतले. उरलेल्या पंधरा सामन्यांत हा संघ एका गुणाने का होईना, अधिक आहे. त्या वर्षी चीफ्सनी अनेकांना असं झोडलं.

आकडेमोड

दोन वाईट सामने वगळायचे असतील तर दोन चांगलेही वगळा, मग बोलू. आणि चीफ्स त्यांच्याच विभागात आहेत. दर वर्षी दोनदा समोर येणारच. त्यांच्याविरुद्ध दोन्ही मिळून २३-८९. हा संघ विभाग जिंकायच्या जवळपासही नव्हता.

पहाटपाखरू

चार्जर्सच्या सामन्याबद्दल मला लिहू द्या, कारण मी एनएफएलमध्ये पाहिलेला सगळ्यांत विलक्षण सामना तोच.

आमच्याकडे १० जानेवारी, सोमवार, सकाळी सातच्या सुमारास सुरुवात. घरून काम चालू होतं म्हणून बघता आला. त्याआधी, म्हणजे आमच्या मध्यरात्री, जॅग्वार्सनी कोल्ट्सना २६-११ असं लोळवलं होतं. त्यामुळे गणित असं झालं: रेडर्स-चार्जर्स यांच्यात जो जिंकेल तो प्लेऑफमध्ये, आणि बरोबरी झाली तर दोघेही आत, स्टीलर्स बाहेर. दोघांनी साठ मिनिटं नुसतं गुडघे टेकून चेंडू धरला असता तरी चाललं असतं, अशी चर्चा तिकडे आठवडाभर होती.

चौथ्या क्वार्टरमध्ये रेडर्स २९-१४ पुढे. मी डबे भरत होते, म्हटलं संपला सामना. आणि मग चार्जर्सचा क्वार्टरबॅक जस्टिन हर्बर्ट. चौथ्या डाऊनमागून चौथा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला चार डाऊन, म्हणजे चार संधी मिळतात), प्रत्येक वेळी हुकला तर हंगाम संपला, आणि प्रत्येक वेळी पास अचूक. वेळ संपता संपता माइक विल्यम्सला टचडाऊन. २९-२९.

ओव्हरटाइम दहा मिनिटांचा. कार्लसन ४० यार्डांवरून, ३२-२९. चार्जर्सचा हॉपकिन्स ४१ यार्डांवरून, ३२-३२. आता रेडर्सकडे चेंडू, घड्याळ धावतंय, तिसरा डाऊन, चार यार्ड हवेत, चेंडू चार्जर्सच्या ३९ यार्डांवर. रेडर्स निवांत वेळ घालवत होते. ३८ सेकंद उरले असताना चार्जर्सचे कोच ब्रँडन स्टेली यांनी टाइमआऊट घेतला. बरोबरी झाली तर तेही आत जाणार होते, तरी! स्टेलींचं म्हणणं नंतर असं आलं की धावेचा डाव येणार हे दिसत होतं आणि त्यांना तसे खेळाडू आत आणायचे होते. खेळाडू बदलले, आणि त्याच प्लेवर जेकब्स १० यार्ड पळाला. मग ४७ यार्डांवरून कार्लसन. ३५-३२.

टाइमआऊटमुळे आमचा विचार बदलला, असं कारने मैदानावरच मुलाखतीत सांगितलं.

त्या किकने रेडर्स आत, स्टीलर्सही आत, चार्जर्स बाहेर. मला सांगा, त्या क्षणी बिसाचियाच्या जागी तुम्ही असता तर ४७ यार्डांची किक मारली असती? ती अडवली गेली आणि समोरच्यांनी उचलून पळवली असती तर हातातला प्लेऑफ गेला असता.

चौथा_डाऊन

मी मारली असती, आणि बिसाचियाने का मारली तेही समजतं. बरोबरी झाली असती तर पहिल्याच फेरीत पुन्हा कॅन्सस सिटी. जिंकल्यामुळे सिनसिनाटी. ९-४८ खाऊन आलेल्या संघाला यातलं काय हवं असेल? शिवाय किकरला चार वर्षं स्वतः घडवलेलं. त्याची ४७ यार्डांची किक किती भरवशाची आहे हे त्या मैदानावर बिसाचियापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

फ्रीमाँटकर

मी ओकलंडच्या काळातला. आम्ही पोरं नोकरीला नवीन लागलो तेव्हा बार्टने (तिथली लोकल रेल्वे) कोलिझियम स्टेशनला उतरून पुलावरून आत जायचो. चेहरे रंगवलेली, खांद्यावर खिळ्यांचे पट्टे बांधलेली मंडळी शेजारी बसायची, आणि आम्हाला नियम समजत नाहीत हे कळल्यावर प्रत्येक डाऊनला मागे वळून समजावून सांगायची. डिसेंबर २०१९ मध्ये तिथला शेवटचा सामना, जॅग्वार्सकडून १६-२० हार. मग संघ वेगासला.

माझा राग वेगासवर नाही. राग यावर आहे की या संघाला कुठलीच गोष्ट धरून ठेवता येत नाही. गाव नाही, कोच नाही, क्वार्टरबॅक नाही. ग्रूडनलाच बघा. २००२ मध्ये त्याला टँपाला दिलं, बदल्यात ड्राफ्टमधल्या चार निवडी आणि ८० लाख डॉलर्स घेतले, आणि पुढच्याच सुपर बोलमध्ये त्यानेच रेडर्सना ४८-२१ हरवलं. त्यानंतर आजवर प्लेऑफचा एकही सामना जिंकलेला नाही. मार्कचे वडील, आधीचे मालक अल डेव्हिस यांच्या काळापासून हेच चालू आहे. जॉन मॅडनसारखा हेड कोच १९६९ पासून दहा वर्षं टिकला तेव्हा सुपर बोल आला, हे सगळ्यांना माहीत आहे. मॅडन २८ डिसेंबर २०२१ ला गेले. पुढच्याच रविवारी हा संघ इंडियानापोलिसमध्ये जिंकला. मला त्या दिवशी वाटलं होतं, या वेळी तरी यांना कळेल.

मैदानी

आपल्याकडचं उदाहरण देऊ का? २०१३ ची मुंबई इंडियन्स. पाँटिंगच्या धावा होईनात, सहा सामन्यांनंतर तो स्वतः बाहेर बसला, रोहित कप्तान झाला आणि मुंबईने पहिलं आयपीएल जिंकलं. रोहितला पुढे दहा वर्षं ठेवलं, एकूण पाच विजेतेपदं आली. मधल्या काळात सापडलेला माणूस कधीकधी खराच निघतो. त्याला संधी देऊन तर बघा!

आकडेमोड

मैदानी, उदाहरण आवडलं, पण रोहित २५-२६ वर्षांचा, संघातला उत्तम फलंदाज. कप्तानपद काढलं असतं तरी तो संघात असताच. शिवाय कोच जॉन राइट तेच राहिले, म्हणजे व्यवस्था तीच. एनएफएलमध्ये हेड कोच बदलला की आक्रमणाची अख्खी भाषा बदलते, वीसेक साहाय्यक बदलतात, कोणत्या बांध्याचे खेळाडू घ्यायचे तेही बदलतं.

खुद्द रेडर्सचंच उदाहरण घ्या ना. बिसाचियाऐवजी आणलेल्या जॉश मॅकडॅनियल्सला ३१ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री काढलं, ३-५ वर. अँटोनियो पिअर्स हंगामी. ५-४ केलं. चार्जर्सना ६३-२१ असं बदडलं (दुसऱ्या दिवशी स्टेलींची नोकरी गेली, पहाटपाखरू, तेच टाइमआऊटवाले). नाताळला चीफ्सना त्यांच्या घरी २०-१४. खेळाडू पिअर्ससाठी उघडपणे बोलले, मॅक्स क्रॉस्बी सर्वांत पुढे. या वेळी डेव्हिसने ऐकलं, पिअर्सला कायम केलं. २०२४ मध्ये ४-१३, आणि हंगाम संपताच त्यालाही काढलं.

म्हणजे रुपेरीकाळा यांनी २०२१ साठी जो सल्ला दिलाय, तोच २०२३ मध्ये पाळला गेला. निकाल समोर आहे.

रुपेरीकाळा

आकडेमोड, हा या धाग्यातला सर्वांत वजनदार आक्षेप आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पिअर्स आणि बिसाचिया यांना एका तराजूत घालणं मला पटत नाही. पिअर्स मॅकडॅनियल्सच्या हाताखाली लाइनबॅकर्सचा कोच होता, एनएफएलमधलं कोचिंग जेमतेम दुसऱ्या वर्षात. बिसाचिया २००२ पासून सलग एनएफएलमध्ये. पिअर्सला कायम केल्यावर हातात क्वार्टरबॅक कोण होते? गार्डनर मिन्शू आणि एडन ओकॉनेल. बिसाचियाकडे त्या वर्षी ४,८०४ यार्ड फेकणारा कार होता, संघाच्या इतिहासातला उच्चांक. १०३ झेल घेणारा हंटर रेनफ्रो होता. ऐन बहरात येत असलेला क्रॉस्बी होता. थँक्सगिव्हिंगला दुखापत होऊन बाहेर गेलेला डॅरन वॉलर चार्जर्सच्या सामन्यात परत आला होता.

आणि बघा, त्या संघाचं मॅकडॅनियल्सने काय केलं. त्याला तर डेव्हान्टे अॅडम्सही मिळाला, कारचा कॉलेजपासूनचा मित्र. २०२२ मध्ये कार्डिनल्सविरुद्ध २०-० पुढे असताना हरले. चीफ्सविरुद्ध १७-० पुढे असताना हरले. जॅग्वार्सविरुद्ध १७-० पुढे असताना हरले. आदल्या वर्षी जो संघ शेवटच्या सेकंदाला जिंकायचा, तोच सतरा-वीस गुणांची आघाडी घालवायला लागला. नशीब पालटतं हे मान्य. पण वीस गुणांची आघाडी नशिबाने जात नाही.

१३ नोव्हेंबर २०२२ चा सामना तर विसरणं शक्य नाही. कोल्ट्सनी फ्रँक रायशला काढून जेफ सॅटर्डेला हंगामी कोच केलं होतं, ज्याने आधी फक्त शाळेच्या संघाला शिकवलं होतं. त्याचा पहिलाच सामना वेगासमध्ये, आणि तो २५-२० जिंकून गेला. पुढचे सातही सामने तो हरला, त्यातला एक ३३-० पुढे असताना. असल्या संघाकडून हरल्यावर कार पत्रकारांसमोर रडला. आठ वर्षं त्या संघासाठी अंग मोडून खेळलेला माणूस म्हणत होता की सगळ्यांना माझ्याइतकं वाटत नाही. डिसेंबरमध्ये त्याला बाकावर बसवलं, फेब्रुवारीत सोडून दिलं.

२०२१ मध्ये रग्ज, आर्नेट, ग्रूडन सगळं होऊन त्या लॉकर रूममधून असा एक शब्द बाहेर आला नव्हता.

हेंडरसनकर

एक भर घालतो. जानेवारी २०२२ मध्ये मुलाखती चालू असताना इथल्या स्थानिक रेडिओवर रोज हाच विषय. कार आणि क्रॉस्बी दोघेही बिसाचियाच्या बाजूने जाहीर बोलले होते. डेव्हिसने मुलाखत घेतली, आणि मग पेट्रियट्सकडून मॅकडॅनियल्स व जनरल मॅनेजर डेव्ह झीगलर यांना जोडीने आणलं. आधीचा जनरल मॅनेजर माइक मेयॉक याला प्लेऑफमधल्या हारीनंतर दोनच दिवसांत काढलं होतं. माझ्या मते इथेच सगळं ठरलं. नवा जनरल मॅनेजर जुन्या हंगामी कोचला क्वचितच ठेवतो. बिसाचियाला ठेवायचं तर आधी वरच्या माणसाचा निर्णय त्या हिशेबाने घ्यायला हवा होता. बिसाचिया ग्रीन बेला गेला, पुन्हा स्पेशल टीम्सवरच.

पहाटपाखरू

सिनसिनाटीच्या, म्हणजे बेंगल्सविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यावर कुणीच काही लिहिलं नाही अजून. १५ जानेवारी, आपल्याकडे रविवारी पहाटे तीन वाजता. मला त्यातली शिट्टी अजून डाचते.

चौथा_डाऊन

शिट्टी डाचायलाच हवी. बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो बाजूच्या रेषेकडे पळत होता, चेंडू हवेत असताना पंचाने तो रेषेबाहेर गेला समजून शिट्टी फुंकली, टायलर बॉयडने झेल घेतला आणि टचडाऊन दिला गेला. नियमाप्रमाणे तो प्ले पुन्हा खेळवायला हवा होता. सामना शेवटी २६-१९ ने गेला, म्हणजे बरोब्बर सात गुण. बेंगल्सचा तो ३१ वर्षांतला पहिला प्लेऑफ विजय, आणि तिथून ते थेट सुपर बोलला गेले.

पण मला शिट्टीपेक्षा शेवटचे चार डाऊन जास्त छळतात. बेंगल्सच्या ९ यार्डांवर रेडर्स, पहिला डाऊन, सुमारे अर्धं मिनिट शिल्लक. कारने चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवलं. एक डाऊन गेला. तीस सेकंदांत नऊ यार्डांवरून चार पास सहज फेकता येतात, तिथे वेळेची टंचाई नव्हती, डाऊनची होती. पुढचे दोन पास पडले. चौथ्या डाऊनवर झे जोन्सकडे फेकलेला चेंडू जर्मेन प्रॅटने गोल रेषेजवळ पकडला. एक डाऊन जादा असता तर? बिसाचियावर टीका करायची तर मी इथे करेन. बाजूला उभ्या हेड कोचने तिथे ओरडून सांगायला हवं होतं की आपटू नकोस, प्ले चालव. वर्षानुवर्षं हेड कोच असलेल्याच्या हे अंगवळणी असतं.

आकडेमोड

हे मात्र मी स्वतःहून म्हणालो नसतो, आणि माझ्या बाजूचा हा उणे ६५ पेक्षाही चांगला मुद्दा आहे.

रुपेरीकाळा

चौथा_डाऊन, टीका रास्त आहे. पण हे दुसऱ्या वर्षी शिकता येणारं कौशल्य आहे. दुसरं वर्ष मिळालंच नाही, हीच माझी तक्रार.

फ्रीमाँटकर

याच मुद्द्यावर २०२२ चे पँथर्स बघण्यासारखे आहेत. मॅट रूल १-४ वर गेला, स्टीव्ह विल्क्सने उरलेल्या बारात ६-६ केलं, तरी त्याला न ठेवता रायशला आणलं, म्हणजे त्याच हंगामात कोल्ट्सनी काढलेल्यालाच. रायश पुढच्या नोव्हेंबरमध्ये १-१० वर गेला. विल्क्सकडे तर कारसारखा क्वार्टरबॅकही नव्हता.

पहाटपाखरू

फ्रीमाँटकर दादा, विल्क्सचा विषय इथे दोन ओळींत मावणार नाही. मी त्या हंगामाचे बरेच सामने पाहिलेत. येत्या शनिवारी वेगळा धागा काढते, तिथे भेटू. आकडेमोड, तुम्ही गुणफरक काढून ठेवा.